जुनवानी ते तीर्थन : ट्राउटच्या मागावर (भाग दुसरा)

सोमवार, औट
जुनवानीहून निघालो तेव्हा मार्चातच पंखा लावावा लागत होता. इथे अंगातला स्वेटर निघत नाही. ट्राउटला हीच थंडी लागते. पाणी 20 अंशांच्या वर तापू लागलं की हा मासा कासावीस होतो, म्हणून आपल्या शिवनाथ नदीत तो तगणार नाही. औटच्या बोगद्याअलीकडे मनालीचा रस्ता सोडला आणि बंजारकडे वळलो.

मंगळवार, गुशैणी
मत्स्य विभागाचा परवाना मिळाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी विणीचा काळ, तेव्हा मासेमारी बंद.

फलाचन खड्ड, म्हणजे छोटी डोंगरी नदी, इथेच तीर्थन नदीला मिळते. वाटाड्या म्हणाला, "भाऊसाहेब, काठी राहू द्या, आधी दगड उलटा." दगडाच्या पोटाला वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या, प्रत्येकीत एक अळी. शेजारी तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सैरावैरा पळत होत्या. ट्राउटचं खाणं हेच. त्याच रंगारूपाची, पिसं आणि दोऱ्याची माशी गळावर बांधायची. माशीला वजन नसतंच म्हणा, वजन दोरीला. त्यामुळे फेकायची ती दोरी. माशी तिच्यामागून जाते. काठी मागे नेली की दोरी पाठीमागे पुरती उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे. त्या थांबण्यातच सगळी कला आहे.

बुधवार, फलाचन
मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर चढत गेलो. मोठ्या दगडाआड धार मंदावते तिथे माशी सोडली आणि दोरी ताणली गेली. वीतभर ब्राउन ट्राउट! पिवळसर पोट, अंगावर लाल ठिपके, त्यांच्याभोवती फिकट कडी. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओले करूनच धरला. गळाचा उलटा काटा आधीच चेपलेला होता. मासा लगेच सुटला.

हा मासा मूळचा इथला नाही. 1909 मध्ये हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने तो कुलूत आणला. इथला खरा रहिवासी म्हणजे ‘असला’ नावाचा मासा. परक्या ट्राउटची जेवढी निगा राखली जाते, तेवढीच असल्याचीही राखली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

गुरुवार, गुशैणी
दिवसभर पाऊस. चुलीपाशी दिलाराम शबाब यांचा विषय निघाला. बंजारचे हे माजी आमदार तीर्थनवरच्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, गावंही पाठीशी राहिली आणि नदी बांधाविना वाहती राहिली. बांध घातले असते तर दगडांखालच्या त्या अळ्या गाळात गेल्या असत्या.

मला सारखी शिवनाथ आठवत होती. 1998 मध्ये तिचा साधारण 23 किलोमीटरचा पट्टा बोरईच्या उद्योगांना पाणी पुरवण्यासाठी खासगी कंपनीच्या हाती गेला आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्यांनाच काठावर अडवलं गेलं. परतल्यावर बोरईला जाऊन तिथल्या केवटांना शबाबांची हकीकत सांगणार आहे.

उद्या हामणीचं ट्राउट केंद्र.