विभाजक न सापडलेली संख्या

एखादी संख्या संयुक्त आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला आणखी विभाजक आहेत, हे निःसंशय सिद्ध व्हावे आणि तरीही त्यांपैकी एकही विभाजक कोणाच्या हाती लागू नये, ही स्थिती गणितज्ञांच्या अंगवळणी पडली असली तरी विचित्रच म्हटली पाहिजे. दोनचा १,६७,७७,२१६ वा, म्हणजे दोनच्याच चोविसाव्या घाताइतका, घात घेऊन त्यात एक मिळवला की येणारी संख्या, म्हणजे शून्यापासून मोजता चोविसावी फर्मा संख्या, लिहायला ५०,५०,४४६ अंक लागतात. १९९९ साली ती संयुक्त ठरली. तिचा विभाजक मात्र सापडलेला नाही.

ती कशी ठरली हे पाहताना ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आठवते आणि तिच्यातली अडचणही जाणवते. शीत कच्चे निघाले तर भात शिजलेला नाही एवढे निश्चित. ते शिजलेले निघाले तर मात्र सगळ्या भाताची ग्वाही देणे धाडसाचे होते. फर्माच्या प्रमेयावरची कसोटी अशीच एकांगी आहे. संख्या मूळ असेल, तर तिने भाग न जाणाऱ्या कोणत्याही आधारसंख्येचा, मूळ संख्येहून एकाने कमी असलेला घात घेऊन त्याला तिने भागल्यास बाकी एकच उरते. म्हणून वेगळी बाकी उरली की संख्या संयुक्त ठरते, पण एक उरल्याने ती मूळ ठरत नाही. ५६१ हा ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार असूनही, तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कोणताही आधार घेतला तरी ती या कसोटीला उतरते, आणि अशा फसव्या संख्या अनंत आहेत हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या सिद्धतेने दाखवले. म्हण घडवणाऱ्या सुगरणीला हा भात भेटला नसावा.

फर्मा संख्यांपुरती मात्र म्हण दोन्ही अंगांनी खरी ठरते, कारण पेपँ या फ्रेंच गणितज्ञाच्या १८७७ च्या कसोटीत तीन हे एकच शीत चाचपले की मूळ की संयुक्त याचा निर्णय लागतो. पण चोविसाव्या संख्येचे शीत कोणी चाचपले? एकमेकांपासून दूर असलेल्या दोन संगणकांनी, वेगवेगळ्या आज्ञावल्या वापरून. त्यांची बाकी जुळली आणि पुढे निव्वळ पूर्णांकांच्या गणिताने पडताळाही झाला. ऑयलरने १७३२ मध्ये पाचवी फर्मा संख्या ४,२९,४९,६७,२९७ ही ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार असल्याचे दाखवले, ते शाळकरी मूलही कागदावर तपासू शकते. येथे तपासणाऱ्यांवर विश्वास ठेवावा लागतो, आणि विश्वास व सिद्धता यांतली सीमा नेमकी कोठे आखावी हे सांगणे सोपे नाही.

गंमत अशी की, त्या अज्ञात विभाजकांविषयी पुष्कळ माहिती आहे: चोविसाव्या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६,७१,०८,८६४ ने भागल्यास बाकी एक उरते, हे ल्यूका या गणितज्ञाच्या निष्कर्षावरून आधीच ठाऊक आहे. मग न सापडणे म्हणजे नेमके काय न कळणे? चौदावी फर्मा संख्या संयुक्त असल्याचे कित्येक दशके ठाऊक होते आणि २०१० मध्ये तिचा ५४ अंकी विभाजक सापडला. त्यामुळे ती अधिक संयुक्त झाली नाही, तरी तो शोध निरर्थक होता असे म्हणवत नाही. मात्र त्या विभाजकाने भागून उरलेली ४,८८० अंकी संख्याही संयुक्त आहे, आणि तिचा विभाजक कोणालाही ठाऊक नाही.