सात किलोचा मेंबर

‘वन बीएचके आहे ना, मग छोटाच कुत्रा बरा!’ ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाच्याही घरी कुत्रा आणायचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. लॅब्रेडॉर म्हणजे अर्धा हॉल गेला. जर्मन शेफर्ड म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वैर. त्यापेक्षा पग, पॉम नाहीतर शित्झू आणावा. सोफ्याच्या कोपऱ्यात मावतो, रिक्षात मांडीवर बसतो, भुंकला तरी कुणी घाबरत नाही. हिशेब एकदम परफेक्ट! फक्त या हिशेबात मोजपट्टी घराला लावलेली असते, कुत्र्याला नाही.

तशी ही आवड आपल्याला पडद्यानेच लावली. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीने घराघरातल्या आयांना पटवलं. मग २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरला आणि सगळा देश पगच्या मागे लागला. मी तेव्हा पहिलीत होते. त्या कुत्र्याला पग म्हणतात हे आम्हा मुलांना कुठे ठाऊक? आमच्यासाठी तो ‘हचवाला कुत्रा’. आजही रस्त्यात पग दिसला की कुणीतरी पटकन ‘तो बघ, व्होडाफोन’ म्हणतंच.

आमच्या खानदानात हे दोन्ही नमुने आहेत. डोंबिवलीला आई-बाबांकडे बंड्या, वय वर्षं अकरा, पॉम. ठाण्यात घोडबंदर रोडला ताईकडे चकली, वय वर्षं पाच, पग. शेपटीकडे पाहिलं की नावाचं कारण विचारावं लागत नाही. ताई बीकेसीत, जिजू ऐरोलीत. आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे ‘घरीच तर असतेस’ असा दोन्ही घरांचा ठाम समज. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस मी लॅपटॉप घेऊन ठाण्याला चकलीच्या ड्यूटीवर असते.

चकलीची खासियत म्हणजे तिचं घोरणं. सात किलोचा जीव, पण आवाज थेट रिटायर्ड काकांचा. तिच्या घोरण्याचे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर सुपरहिट होते. ‘किती क्यूट!’ यापलीकडे त्यात काही असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

गेल्या मे महिन्यात ते कळलं. ताई आणि मी चकलीला खाली फिरवून आणलं तर लिफ्ट मेंटेनन्ससाठी बंद. जिन्याने निघालो. ताईने चकलीला कडेवर घेतलं होतं, तरी पाचव्या मजल्यावर तिचं धापा टाकणं थांबेना. आवाज करवतीसारखा यायला लागला, जीभ जांभळट दिसायला लागली. मी डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून एकच वाक्य आलं, ‘आधी पाणी ओता, गार करा, मग निघा.’ आम्ही समोरची बेल वाजवली. दार उघडलं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी घाला’ म्हणणाऱ्या काकूंनी. त्यांनी एक शब्द न विचारता बाथरूम दाखवलं, बादली भरली, टेबल फॅन आणून लावला. वीस मिनिटांनी चकलीची जीभ पुन्हा गुलाबी झाली. मग आम्ही दवाखान्यात पळालो.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. माणसासारखा घाम कुत्र्याला येत नाही. त्याचा एसी म्हणजे धापा. तोंडातल्या, नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि शरीर गार होतं. पगचा चेहरा माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून करून चपटा केला. हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढंच राहिलं. परिणामी नाकपुड्या फटीएवढ्या आणि मऊ टाळू इतकी लांब, की श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबते. चोवीस तास स्ट्रॉमधून श्वास घेतल्यासारखं! त्यात आपली हवा. ठाण्यात खाडी, डोंबिवलीत खाडी, मे महिन्यात दमटपणा असा की टॉवेलही वाळत नाही. मग कुत्र्याच्या जिभेवरच्या पाण्याची वाफ कशी होणार? म्हणजे ज्या घोरण्यावर आम्ही हसायचो ती तक्रार होती.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या पगांचा अभ्यास मांडला. इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट निघाली. हे वाचून ताई रडली. मग तिने डोळे पुसले आणि ऑपरेशनची चौकशी सुरू केली. नाकपुड्या रुंद करायच्या, टाळूचा जास्तीचा भाग काढायचा. ऐकायला सोपं, पण श्वासाचाच पेशंट असल्यावर भूल देणं हीच मोठी रिस्क. जिजू ‘नको’ म्हणत होते. ताई म्हणाली, ‘अरे, दर उन्हाळ्यात ती अशी गुदमरणार आणि आपण फॅन घेऊन धावणार का?’ शेवटी हो-नाही करत ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. पहिल्या रात्री घरात कुणीच झोपलं नाही, कारण चकली घोरत नव्हती! दर दहा मिनिटांनी कुणीतरी उठून तिचं पोट वरखाली होतंय ना, ते बघत होतं. आज ती बरी आहे. पूर्ण ‘नॉर्मल’ नाही, होणारही नाही. फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. वजन सात किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण जाड झालेल्या पगच्या घशाला आतूनही गळफास बसतो.

डोंबिवलीच्या बंड्याची स्टोरी वेगळी. त्याला नाक आहे, पण गुडघे नाहीत, असं बाबा म्हणतात. छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणं कॉमन आहे. चालता चालता तो मध्येच एक पाय उचलून लंगडी घालतो आणि दोन पावलांनी पुन्हा नीट चालतो. आम्हाला ती त्याची स्टाईल वाटायची. त्यात आपल्या घरांमध्ये गुळगुळीत चकचकीत टाइल्स. सोफ्यावरून उडी मारली की बंड्या थेट टीव्ही युनिटपर्यंत घसरत जायचा. आता हॉलभर जुन्या सतरंज्या आहेत. पाहुण्यांना वाटतं भजनाचा कार्यक्रम आहे! त्याला मध्येच बदकासारखा खोकला येतो. तो घशात काही अडकल्याने नाही, तर श्वासनलिका कमकुवत होऊन दबते म्हणून. म्हणून गळ्यातला पट्टा गेला आणि छातीवरून बांधायचा हार्नेस आला. दातांचंही तेच. एवढ्याशा जबड्यात मोठ्या कुत्र्याइतकेच बेचाळीस दात दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे किटण लवकर चढतं.

आणि खाणं! आई बंड्याला कांदेपोह्यांतला घास द्यायची, ‘तेवढ्याने काय होतंय’ म्हणत. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्याच्या किडनीवर उठू शकतात. चॉकलेटही वर्ज्य. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि ‘तेवढ्याने’ हा शब्द माणसाच्या वजनावर बेतलेला आहे. पंचवीस किलोच्या कुत्र्याला जे पचून जाईल, ते चार किलोच्या बंड्याला दवाखान्यात पोचवतं.

पावसाळ्यात आणखी दोन पाहुणे येतात. पहिला गोचीड. ही बया कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घराचे कानेकोपरेही साफ करावे लागतात. गोचिडातून ताप येतो, प्लेटलेट्स झरझर उतरतात. डेंग्यूमुळे आपल्याला प्लेटलेट्सचं टेन्शन ठाऊक असतंच. कुत्रा दोन दिवस जेवला नाही, हिरड्या फिकट दिसल्या की ब्लड टेस्ट करून घ्यायची. दुसरा पाहुणा लेप्टो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर हा शब्द आपल्या घराघरात पोचला. उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारा हा आजार कुत्र्याला होतो, आणि त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. त्याची लस असते. दरवर्षी, रेबीजच्या जोडीला. ‘आमचा घराबाहेर कुठे जातो?’ हे कारण लसीला चालत नाही.

एक बरं आहे, आजोबांच्या काळात जनावरांचा डॉक्टर म्हणजे परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल. सगळी मुंबई त्याला ‘बैलघोडा’ म्हणते, म्हणजे मूळचे पेशंट कोण ते कळलंच असेल. आता ठाणे-डोंबिवलीत कुत्र्यामांजरांचे दवाखाने जवळपास सापडतात. रात्रीचं कोण उघडं असतं, एवढं मात्र आधीच विचारून ठेवायचं, नंबर फ्रिजवर चिकटवायचा.

आणि लिफ्टचं म्हणाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकानुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. ताईने ते परिपत्रक प्रिंट काढून ठेवलंय. पण पाचव्या मजल्यावरच्या काकूंना ते दाखवायची वेळ आता येत नाही. ताई खिशात शी उचलायची पिशवी ठेवते, लिफ्टमध्ये गर्दी असेल तर पुढच्या फेरीला थांबते. काकू चकलीला अजून हात लावत नाहीत, पण ‘आज दम नाही ना लागला?’ एवढं विचारतात.

आता मुद्द्याचं. परवा माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. कल्याणला नवीन फ्लॅट, ती आणि नवरा दोघंही अंधेरीला नोकरीला. ‘पग बघितलाय गं, पंचेचाळीस दिवसांचा आहे. घेऊ का?’ मी म्हटलं, पहिली गोष्ट, २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. विकणाऱ्याचं रजिस्ट्रेशन विचार, आईला बघायला माग, तिचा श्वास ऐक. आणि दुसरी गोष्ट, मे महिन्यात दुपारी बारा ते चार, लाइट गेलेली असताना, त्याच्याजवळ कोण असेल?

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘सासूबाई असतात. पण त्यांना विचारलंच नाही अजून.’

मग आधी त्यांना विचार, मी म्हटलं. आणि विचारणारच आहेस तर लांब नाकाचं, आपल्याच हवेत रुळलेलं एखादं देशी पिल्लूही बघून ये. घर केवढं आहे हा प्रश्न फार छोटा आहे. घरात दिवसभर कोण आहे, हा खरा प्रश्न. सात किलोच्या मेंबरला जागा थोडीच लागते. वेळ मात्र तो पूर्ण साइजचा मागतो.