अनुस्वाराचे पैसे

शब्दकोशात शोधत होते दुसरंच काही आणि अडकले 'हॅगल'पाशी. भाव करणे, हा अर्थ ठाऊकच होता. पण त्याच्या शेजारी एक म्हातारा अर्थ बसलेला: वेडंवाकडं तोडणे, कापून चिंधड्या करणे. शब्दाचं मूळ पार जुन्या नॉर्समधल्या घाव घालण्यात. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मध्ये, १४१५ च्या ॲजिनकोर्टच्या लढाईत पडलेला यॉर्कचा ड्यूक असाच 'हॅगल' झालेला आहे, अंगभर. तेव्हापासून मंडईत "काही कमी नाही का?" म्हणताना पिशवीत कोयता असल्यासारखं वाटतं.

आपण तोडत नाही, घासतो. घासाघीस. घासायला दोन बाजू लागतात आणि दोन्ही थोड्या थोड्या झिजतात. 'हुज्जत' अरबीतली, मुळात पुरावा, युक्तिवाद. इथवर येईतो पुरावा गळाला, आवाज तेवढा उरला.

इंग्रजीत हॅगल बहुधा दुसरेच लोक करतात. स्वतःच्या पगाराचं होतं ते निगोशिएट, हॅगल कोथिंबिरीचं. निगोशिएटच्या लॅटिन मुळात 'फुरसत नसणे' आहे म्हणे. पटतं. तो शब्द वापरणारे सगळे घड्याळ बघत असतात.

फुरसत होती बोहारणीला. दुपारी, जेवणं उरकून ओटा पुसला की तिची हाळी यायची. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टील, काखेत कपड्यांचं गाठोडं. पायरीवर ती अशी बसायची, जणू आता चार वाजेपर्यंत उठायचंच नाही. आईची नजर मोठ्या डब्यावर, पण हातात मुद्दाम गाळणी. बोहारणीला तेही माहीत. ती साडी उजेडात धरायची, पदर दोन बोटांत घासायची, काठ नखानं टोकरून बघायची. काठाची जर खरी असेल तर तिच्यात चांदी. खोटी असेल तर नुसता चमचमाट. हे ज्ञान आईकडे नव्हतं, म्हणून आई आवाज चढवायची.

"अगं, चारदा नेसलेय फक्त."

"बाई, चारदा नेसून असं व्हतंय का? एक प्यांट टाका वर."

बाबांची पँट यायची. मग एक शर्ट. मग ती पाटी उचलून फाटकापर्यंत जायची आणि आई मुळीच हाक मारायची नाही. मी दाराआड श्वास रोखून. फाटकाची कडी वाजली की आई म्हणायची, "चहा घेऊन जा." एकदा चहा पिता पिता तिनं दोरीवरच्या माझ्या फ्रॉककडे बोट दाखवलं. आई गप्प राहिली. फार नाही, दोन घोट. तेवढ्यात मला कळलं, की घरातल्या कशाचाही डबा होऊ शकतो. "तो नाही," आई म्हणाली आणि स्वतःची एक बरी साडी आत जाऊन घेऊन आली.

डबा आला. त्यावर नाव घालायला आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथे दर अक्षराला. आईनं आधी बाबांचं नाव दोन अक्षरांवर आणलं. मग आडनाव.

"काना-मात्रेचे वेगळे?"

"नाही हो ताई."

"अनुस्वाराचे?"

त्या माणसानं यंत्र थांबवून आईकडे पाहिलं. नाही म्हणाला, हसलाही. पण टिंब द्यायला विसरला. घरी येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या डब्यात आता माझ्याकडे रवा असतो. मागच्या आठवड्यात नात एकेक अक्षर लावत नाव वाचत होती. "हे कोण?" तिनं विचारलं.