अर्जाची भाषा

दहावीच्या वर्गात मूलभूत हक्कांवर प्रश्न विचारला की मुले १४, १९, २१ हे अनुच्छेद पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवतात. गुणही मिळतात. परंतु आपल्या बेळगाव भागातील मराठी माणसाला ज्या अनुच्छेदाची गरज वर्षातून दोन-चार वेळा तरी पडते, तो त्यांच्या यादीत नसतो. मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागात तो नाहीच. राजभाषेसंबंधीच्या सतराव्या भागात, शेवटाशेवटाला, तो अंग चोरून बसला आहे. क्रमांक ३५०.

त्याचा आशय असा की, गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन करताना ते केंद्रात अथवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करण्याचा प्रत्येक व्यक्तीस हक्क आहे. मराठीचा विद्यार्थी या नात्याने मी या वाक्यातील दोन शब्दांपाशी नेहमी थांबतो. ‘वापरात असलेली भाषा’ असे म्हटले आहे, ‘राजभाषा’ असे नाही. याच भागात राजभाषा हा शब्द वारंवार आलेला असताना येथे तो नसावा, हे अनवधान खचित नव्हे. आणि दुसरे म्हणजे ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’.

आमच्या शाळेत पूर्वी स्वयंपाकास असलेल्या एक आजी दोन वर्षांपूर्वी दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे आल्या. त्यांची विधवा पेन्शन चार महिने बंद होती. साक्षरता वर्गात उतारवयात अक्षरओळख झालेल्या या बाईंनी स्वहस्ते अर्ज लिहिला होता. कचेरीतल्या कारकुनाने तो न वाचताच परत केला आणि कानडीत नाहीतर इंग्रजीत लिहून आणा म्हणून सांगितले.

“गुरुजी, तुम्हाला येतंय की. तेवढं कानडीत लिहून द्या,” आजी म्हणाल्या.

मला ते पाच मिनिटांचे काम होते. खात्याचा सारा पत्रव्यवहार मी कन्नडमध्येच करतो. पण कागद वाचला आणि हात थांबला. तीनच वाक्ये होती. पेन्शन चार महिने आली नाही. औषध बंद आहे. मी जिवंत आहे. एवढ्या नेमक्या मजकुराची मराठी मी पदव्युत्तर अभ्यासातही फारशी वाचलेली नाही. हा कागद बाजूस सारून माझी सफाईदार कन्नड त्याच्या जागी ठेवणे मला प्रशस्त वाटेना. मात्र आजींना हवी होती पेन्शन. घटनेचा मान राखण्यासाठी त्यांनी उपाशी राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? म्हणून त्यांना विचारूनच दोन्ही केले. मूळ अर्ज त्यांचाच ठेवला, शिरोभागी ‘भारतीय संविधान, अनुच्छेद ३५० अन्वये’ ही ओळ घातली आणि अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी खाली चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, हे बजावले.

नात सोबत गेली. कारकुनाने ती ओळ पाहिली, कागद आत नेला आणि बाहेर येऊन मुकाट्याने आवक क्रमांक घातला. उत्तर महिन्याभराने आले, ते कन्नडमध्ये. आठवीतल्या नातीने ते घडाघडा वाचून आजीला मराठीत समजावले. पेन्शन सुरू झाली. थकबाकीपैकी एका महिन्याचे पैसे मात्र अद्याप यायचे आहेत.

कन्नडमध्ये उत्तर आले यात गैर काही नाही. अनुच्छेद ३५० निवेदन देण्याबद्दल बोलतो. उत्तराच्या भाषेबद्दल तो मौन पाळतो. ज्या तालुक्यात वा नगरपालिकेत एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा टक्के तरी असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे धोरण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सांगितले जाते. पण धोरण ते धोरण. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणजे गाऱ्हाणे मराठीत मांडता येते, पण त्याच गाऱ्हाण्याची माहिती मागताना कायदा आपल्या मराठीला ओळखत नाही! पंचावन्न वर्षांनी धाकटा असलेला हा कायदा वडील घटनेपेक्षा हात आखडता घेतो, हे मला खटकते.

भाषेचा प्रश्न पेन्शनपुरताच असता तर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्यामागची कारणे कळवली पाहिजेत, असे अनुच्छेद २२ सांगतो. कळवणे म्हणजे काय? हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते, त्याने हिंदी प्रत मागितली. शासनाचे म्हणणे, इंग्रजी ही राजभाषा आहे, तेवढे पुरे. न्यायालयाने १९६२ साली ते अमान्य केले. कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली नाहीत, तर ती कळवलीच नाहीत असे ठरले आणि त्याची सुटका झाली. राजभाषा ही शासनाची सोय आहे. ज्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, त्याचे समजणे तिच्यावर अवलंबून ठेवता येत नाही.

हे सारे वाचून, आम्ही कन्नड शिकूच नये काय, असा प्रश्न कोणी करील. अवश्य शिकावी. आमच्या शाळेतील प्रत्येक मूल ती शिकते, आणि आजींच्या नातीला ती आली नसती तर ते उत्तर महिनाभर फडताळात पडून राहिले असते. पण पासष्टी ओलांडलेल्या बाईने आपण जिवंत असल्याचे सांगण्याआधी नवी लिपी शिकावी, ही अपेक्षा कोणत्याही न्यायात बसत नाही.

तेव्हा वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आल्यास अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. अनुच्छेदाचा क्रमांक वर ठळक लिहावा. आवाज चढवू नये. समोरचा कारकूनही बहुधा वरिष्ठांना भिऊनच नकार देत असतो. घेतलाच नाही, तर तोच अर्ज टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. आणि निघण्यापूर्वी, नाकारण्याचे कारण अर्जावर लिहून सही करून द्या, एवढी नम्र विनंती करावी. असे लिहून देणारा कारकून मला अजून भेटलेला नाही.