मचव्यातील पाणी

शिवथरच्या घळीजवळ पावसाळ्यात जो धबधबा कोसळतो, त्याचे पाणी पुढे कोठे जाते, असा प्रश्न तेथे येणाऱ्या यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना पडतो. समर्थ रामदासांची घळ पाहून ते परततात. पाणी मात्र ओढ्यांतून आणि लहान नद्यांतून वाट काढीत सावित्रीस मिळते, महाडावरून पुढे जाते आणि बाणकोटच्या किल्ल्याजवळ समुद्रात शिरते. या शेवटच्या टप्प्यात सावित्री ही नदी कमी आणि खाडी अधिक असते. समुद्र चाळीस किलोमीटरांहून दूर असूनही पूर्वी भरतीच्या जोरावर गलबते आणि मचवे महाडापर्यंत येत. खोऱ्यातील भात खाली जाई. मीठ आणि नारळ वर येत. माणसांनाही हीच वाट सोयीची होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनेच निघाले होते आणि दासगावच्या बंदरात उतरले होते.

पुढे मोटारीचे रस्ते झाले आणि ही जलवाट ओस पडली. परंतु ती गजबजलेली असताना तिच्यावरून जे मचवे जात, त्यांपैकीच एकाची ही हकीकत आहे.

पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते. मचवा भाताच्या गोण्यांनी भरला होता आणि ओहोटी लागताच महाडाहून निघाला होता. मचव्यावर एक वृद्ध तांडेल होता, दोन खलाशी होते आणि शिवथर खोऱ्यातला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. मुलाने त्यापूर्वी होडीत कधी पाऊल ठेवले नव्हते. तळाशी साचलेले पाणी पोहऱ्याने उपसून बाहेर टाकणे, एवढेच काम त्याच्याकडे होते.

थोड्याच वेळाने तो धावत वर आला. “तांडेलमामा, मघाशीच उपसलं, तरी पाणी पुन्हा घोट्याएवढं झालं!”

लाकडी मचव्यात थोडे पाणी नेहमीच झिरपते. त्याचे कोणास नवल वाटत नाही. फळ्या कितीही बेमालूम जोडल्या, तरी त्यांच्यामध्ये फट ही राहतेच. त्या फटीत कारागीर बोथट छिन्नीने कापसाची वात ठासून बसवितात आणि वर तेलात कालविलेली राळ भरतात. लाकूड पाण्यात भिजले की फुगते आणि सांधे आणखी आवळले जातात. म्हणूनच चार महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटली की पहिले काही दिवस गळते आणि मग आपोआप गळायची थांबते. कोरडेपणाने गळणारी आणि पाण्याने बरी होणारी ही एकच वस्तू जगात असावी!

पण घोट्याएवढे पाणी हे झिरपणे नव्हे. पाण्याखाली एक मीटर खोलीवर नुसते करंगळीएवढे भोक पडले, तर त्यातून मिनिटाला सुमारे सोळा लिटर, म्हणजे जवळजवळ एक घागर पाणी आत येते. तासाभरात त्याचे वजन नऊशे किलोंहून अधिक भरते. मचवा जसजसा जड होतो, तसतसा तो खाली बसतो. भोक आणखी खोल जाते आणि पाण्याचा जोर आणखी वाढतो. तळच्या गोण्या भिजल्या तर भाताला मोड येणार आणि कुणा शेतकऱ्याचे वर्ष बुडणार. माणसांच्या जिवाची गोष्ट तर निराळीच.

तांडेल खाली उतरला. त्याने पाण्यात बोट बुडविले आणि जिभेला लावले. खाडीत असताना ही परीक्षा फार उपयोगी पडते. पाणी खारट लागले तर ते बाहेरचे आणि गोड लागले तर पिण्याच्या पिंपातले. पण येथे तो हसला. वरच्या अंगाला नदीचे पाणी अजून गोडेच होते. पिंपातले पाणीही गोडे आणि नदीचेही गोडे!

हीच अडचण इंग्लंडातील कालव्यांवरच्या लोकांना आजही पडते. तेथील जुन्या कालव्यांवर जेमतेम सात फूट रुंदीच्या लांबलचक नावा असतात आणि कित्येक कुटुंबे त्यांतच संसार थाटतात. पाण्याची टाकी, नळ, मोरी, सारे काही नावेतच असते. तळाशी पाणी दिसले की ते कालव्याचे की नळाचे, हे चवीने कळत नाही. तेव्हा काही जण टाकीत खाण्याचा रंग मिसळतात. तळाचे पाणी रंगीत झाले की चोर घरातलाच आहे हे समजते.

तांडेलाजवळ रंग नव्हता, कोळसा होता. त्याने पिंपातील पाण्याच्या पातळीवर आतून कोळशाची रेघ ओढली आणि पिंपातून कोणी पाणी घ्यायचे नाही, असे बजावले. तळातील पाण्यात त्याने एक काठी उभी केली आणि तिलाही खूण केली. अर्ध्या घटकेने पाहिले, तो पिंपातील पाणी रेघेच्या दोन बोटे खाली गेले होते. तोटीच्या बुडाशी बारीक धार लागली होती.

“सापडलं!” मुलगा आनंदाने ओरडला. खलाशांनी तोटीभोवती चिंधी आवळली. धार थांबली. सर्वांच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते.

“काठी बघ,” तांडेल म्हणाला.

काठीवरचे पाणी खुणेच्या चार बोटे वर चढले होते. पिंप अरुंद आणि मचव्याचा तळ केवढा तरी रुंद. पिंपातील दोन बोटे पाणी तळात पसरले, तर पाऊल तरी भिजेल काय? गळती एक नव्हती, दोन होत्या. आणि लहान गळतीने मोठीला झाकून ठेवले होते.

आता गोण्या हलविल्या. ओल मागच्या बाजूस अधिक दिसत होती, म्हणून खलाशी तेथेच फळ्या चाचपू लागले. मुलगा मात्र घुटमळला. शिवथरचा पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला होता. “मामा, आमच्या घरी कौल फुटतं एकीकडं आणि थेंब पडतो चुलीपाशी. पाणी वाशावरून घरंगळत येतं.” तांडेलाने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि काही न बोलता कंदील त्याच्या हाती दिला. मुलगा ओलीचा माग काढीत फळी-फळीने नाळेकडे सरकला. तेथे एका सांध्यातून कापूस निघून गेला होता. महाडच्या धक्क्यावर घासल्याची खूण लाकडावर ताजी होती.

खलाशाने आतून चिंध्या ठासल्या. पाण्याने त्या परत ढकलल्या. आतून लावलेल्या बोळ्याला पाणी बाहेर लोटते. बाहेरून लावला तर तेच पाणी त्याला भोकात घट्ट दाबून धरते. तांडेलाने जाड शिडाच्या तुकड्याला चरबी आणि कापूस फासला, त्याच्या टोकांना दोर बांधले आणि तो नाळेखालून ओढून फटीवर आणला. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कॅप्टन कुकचे ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळाच्या खडकावर फुटले, तेव्हा त्याच्या खलाशांनीही शिडात लोकर आणि दोराचा भुगा भरून असेच केले होते. सावित्रीवरच्या तांडेलाने कुकचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पाण्याचा स्वभाव मात्र दोघांनाही ठाऊक होता.

येणारे पाणी निम्म्याहून कमी झाले. दासगावाजवळ मऊ चिखलाचा उतार पाहून तांडेलाने मचवा मुद्दाम काठाला लावला. ओहोटीने पाणी उतरत गेले आणि फट उघडी पडली. पुन्हा भरती चढेपर्यंत जे काही तास मिळाले, तेवढ्यात कापूस ठासून, राळ भरून काम उरकले. मुलगा कंदील धरून उभा होता. मध्येच त्याला डुलकी लागली, तेव्हा खलाशाने कंदील हळूच त्याच्या हातातून काढून घेतला.

रात्री भरतीच्या पाण्याने मचवा चिखलातून उचलला गेला. मुलगा दचकून जागा झाला आणि कोणी न सांगताच खाली उतरला. काठीवर नव्या खुणेजवळ त्याने अंगठा धरला आणि कान देऊन ऐकले. बाहेर पाणी फळ्यांवर चुबकत होते.

“किती?” वरून तांडेलाने विचारले.

“खुणेवरच आहे, मामा.”

“बाणकोट येईपर्यंत बघत राहा,” तांडेल म्हणाला आणि त्याने सुकाणू वळविले.