नानांची गिटार

आमच्या भुसावळच्या घरी भिंतीला एक गिटार टांगलेली आहे. पाहुणा आला की आधी तिच्याकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो. ढोलकी असती, पेटी असती, तर कोणी काही विचारले नसते. जयंतीची गाणी म्हणणाऱ्या घरात ती असायचीच. पण गिटार? "ही तुमच्याकडे कुठून आली?" हा प्रश्न आम्ही तिन्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणी कौतुकाने विचारतो, कोणी संशयाने. त्याचे उत्तर एकदा लिहून ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वडील, नाना, भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. त्या काळी भुसावळात रेल्वेच्या बंगल्यांमधून अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची बरीच कुटुंबे राहत. त्यांच्यातल्या एका गार्डसाहेबांचा मुलगा एका रात्री तापाने फणफणला. नानांनी त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात पोचवले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नानांना घरात बोलावले, आपल्या टेबलाशी बसवले आणि घरातल्याच कपबशीतून चहा दिला. नाना हे पुढे आयुष्यभर सांगत. "वस्तीबाहेरच्या घरात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसून चहा प्यालो. माझा कप वेगळा ठेवलेला नव्हता."

१९६१ साली ते कुटुंब कायमचे इंग्लंडला निघाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने बाहेरून येणाऱ्यांवर कायद्याने बंधने घातली. साहेबांनी घरातले सामान विकले, पण आपल्या वडिलांची गिटार विकली नाही. ती त्यांनी नानांच्या हाती दिली. ना पावती, ना चिठ्ठी. दोन माणसांतला विश्वास, एवढाच काय तो कागद!

नानांना गिटार वाजवता येत नव्हती. दर रविवारी ते तिला मऊ फडक्याने पुसत आणि अंगठ्याने सहाही तारा एकेक करून छेडत. सर्वांत जाड तारेचा आवाज पार चुलीपर्यंत जाई. आई म्हणायची, "ही पोटातून बोलते." आम्हा भावंडांना संगीत म्हणून आठवते ते हेच. रविवारची सकाळ आणि सहा आवाज.

मग १९७९ ची जयंती आली. आमच्या चुलतभावाला वाटले की या गिटारीचा आवाज मिरवणुकीत पुरायचा नाही. त्याने जुन्या मऊ तारा काढून पोलादी तारा चढवल्या. त्या दिवशी आवाज खणखणीत निघाला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चूक कोणाच्याच लक्षात आली नाही. जुन्या गिटारींना आतड्याची तात असे, दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले. अशा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो. सहा पोलादी तारा मात्र ७० किलोंच्या आसपास ओढतात. चाळीस किलोंसाठी घडवलेल्या अंगावर सत्तर किलोंचे ओझे! तीन महिन्यांत गिटारीचे पोट फुगले आणि तारा धरणारी घोडी मुळासकट उपटली गेली. कोणीतरी बाजारातला पांढरा गोंद लावून ती चिकटवली. ती पुन्हा निघाली आणि निघताना लाकडाचा टवका घेऊन गेली. नानांनी एका शब्दाने कोणाला दोष दिला नाही. गिटार चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि पेटी माळ्यावर चढवली. वर पत्र्याचे छप्पर, आणि भुसावळचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या पुढचा. १९९८ साली नाना गेले तेव्हाही ती माळ्यावरच होती.

२०२२ साली जळगावला कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या भाचीने ती खाली काढली. पाठीला वीतभर चीर, घोडी गायब, मान किंचित पुढे झुकलेली. भाचीने ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेली. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "बिल आहे का?" दुसरा तोच, आमच्या ओळखीचा. "तुमच्याकडे कुठून आली?" मग भंगार म्हणून तीन हजार देऊ केले. पोर रडत घरी आली. धाकट्या भावाचे मत पडले की विकून टाकू, तेवढीच तिच्या फीला मदत. त्याचे चुकत नव्हते. आधी शिक्षण, ही बाबासाहेबांची शिकवण आम्हीही विसरलो नाही. पण भाची म्हणाली, "मामा, फीसाठी मी शिकवण्या घेईन. चोरीचा माल समजून कोणी ही नेलेली मला चालणार नाही."

जळगावच्या एका भजनी मंडळाची पेटी धुळ्याला दुरुस्त झाली होती. त्यांनीच तिथल्या मिस्तरी आप्पांचा पत्ता दिला. एरंडोल, पारोळा करत आम्ही एसटीने धुळ्याला पोचलो. गिटार भाचीच्या मांडीवर होती. आप्पा पेट्या आणि सतारी दुरुस्त करतात. त्यांनी कुठून आणली हे विचारलेच नाही! आधी बोटाच्या पेराने गिटारीच्या पोटावर ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. एके ठिकाणी 'टण' वाजले, दुसऱ्या ठिकाणी 'झर्र'. मग छिद्रातून लहान बल्ब आणि आरसा आत सोडून आम्हाला दाखवले. पोटाला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी दोन सुटल्या होत्या. कारखान्याच्या नावाची चिठ्ठी कसरीने खाल्ली होती, एक अक्षर शिल्लक नव्हते. आप्पा म्हणाले, "हाई मरेल नही शे, दादा. झोपेल शे."

गिटारीचा आवाज कुठून येतो, हे आम्हाला तिथेच उमगले. तारा नुसत्या थरथरतात. घोडी ती थरथर पोटाच्या पातळ फळीला देते आणि ती फळी हवा हलवते. सतारीच्या तबलीचे काम तेच. स्पेनमधल्या तोरेस नावाच्या कारागिराने १८६२ साली एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि फक्त पोट चांगल्या लाकडाचे ठेवले. आवाज मुख्यतः पोटाचा, हे त्याला सिद्ध करायचे होते. म्हणून आमच्या गिटारीच्या पाठीची चीर दिसायला भयंकर, पण आवाजाला फारशी घातक नव्हती. आतल्या पट्ट्या कोणाला दिसत नव्हत्या, आणि खरा घात त्यांचाच होता. वरून बघून भंगार म्हणणाऱ्याने आत डोकावले नव्हते.

आप्पांनी स्टोव्हवर पाण्याचे भांडे ठेवले आणि त्यात दुसरे लहान भांडे. आत सरस विरघळू लागला. तो उकळू द्यायचा नाही, नाहीतर त्याचा जोर जातो. आप्पांनी जरा चाचरत विचारले, "सरस चालेल ना? काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात." सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेली खळ. आम्हाला हसू आले. आमची आजी गावात मेलेली ढोरे ओढणाऱ्या घरातली. हौसेने नव्हे, गावाने ते काम लादले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा संदेश दिला. पुढे गावोगावच्या आपल्या माणसांनी ढोरे ओढणेही नाकारले. त्या कामाचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण एवढे खरे की त्याच कातड्याचा सरस जगातल्या नामांकित व्हायोलिनी आणि गिटारी जोडून धरतो आणि तेच कातडे तबल्यावर, मृदंगावर चढते. वाद्य दिवाणखान्यात, आणि कातडे कमावणारा गावकुसाबाहेर! कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या कारागिरांवर २०२० साली पुस्तक लिहिले, त्यातही हेच दुखणे मांडले आहे.

आप्पांनी सरसाचा आणखी एक गुण सांगितला. पांढऱ्या गोंदाचा जोड सोडवायला गेले की लाकूडच फाटते. सरसाचा जोड ऊब आणि ओल दिली की सुटतो आणि पुन्हा नीट बसवता येतो. शंभर वर्षांची वाद्ये आज वाजतात ती यामुळेच. मात्र हाच गुण आमच्या माळ्यावर नडला होता. तिथल्या उन्हाळ्यांनी आणि पावसाळ्यांनी ते जोड आपसूक ढिले केले होते.

गिटार परत मिळायला दीड महिना लागला. आम्ही विचारले होते, "पॉलिश करून नवी कोरी कराल?" आप्पांनी साफ नकार दिला. जाड पॉलिशने पोट जड होते आणि आवाज दबतो. पाठीची चीर आतून लहान तुकडे लावून बंद केली, पण बाहेरून ती दिसते. दिसू द्यावी. आता नायलॉनच्या तारा आहेत.

आप्पांनी पहिली जाड तार छेडली, आणि आम्ही तिघेही भावंडे एकदम गप्प झालो. तो रविवार सकाळचाच आवाज होता. थोडा कोरडा, पण पोटातून आलेला.

जुने म्हणजे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०१० साली अमेरिकेत २१ वादकांना डोळ्यांपुढे काही दिसू न देता जुनी-नवी व्हायोलिने वाजवायला दिली. जगप्रसिद्ध जुन्या वाद्यांपेक्षा बहुतेकांना नवीच आवडली. आमच्या गिटारीला तर कारखान्याचे नावही नाही, म्हणजे बाजारात मोलही बेताचेच. तिचे मोल एका कपबशीत आहे, आणि ते आम्ही सांगितले तरच कोणाला कळणार.

म्हणून भाचीने एक कागद लिहिला. कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या साली, काय मोडले, कोणी आणि कशाने जोडले. १९७९ ची आमची चूकही त्यात आहे. खाली आम्ही तिघांनी सह्या केल्या आणि कागद गिटारीच्या खोक्यात ठेवला. उन्हाळ्यात तिला भिंतीवरून उतरवून त्याच खोक्यात ठेवतो. भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती डबीही शेजारी ठेवतो, म्हणजे लाकूड तडकत नाही. पत्र्याखाली ती आता कधीच जाणार नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरी माळ्यावर एखादी जलशातली पेटी असेल, आजोबांची एकतारी किंवा फुटक्या पुडीची ढोलकी असेल. ती भंगारात देण्याआधी एकदा जाणत्या माणसाला दाखवा. आणि ती कोणाची होती, कुठे वाजली, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. उद्या कोणी विचारेल, "ही तुमच्याकडे कुठून आली?" तेव्हा आपल्या मुलांनी मान खाली घालता कामा नये.