रथांच्या मैदानातला सूर्य

प्रिय सायली,



नाताळ म्हणजे रोमनांचा जुना सूर्योत्सवच, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. ते इतकं सरळ नाही. २५ डिसेंबरला ‘अजिंक्याचा जन्मदिन’ आणि रथांच्या ३० शर्यती, एवढीच नोंद इ.स. ३५४च्या रोमन दिनदर्शिकेत आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, सोल इन्व्हिक्टस. पण ख्रिस्तजन्माची तीच तारीख देणारी नोंदही त्याच ग्रंथात येते. कुणी कुणाचं घेतलं, याचा निवाडा त्यावरून कसा करणार?

मला खरं तर दुसरीच गोष्ट खटकते. सम्राट ऑरेलियनने हा सूर्य पूर्वेकडून आणला, असं पुस्तकांतून वर्षानुवर्षं छापलं गेलं. पाल्मिराची राणी झेनोबिया हिला हरवल्यावर त्याने २७४ मध्ये सोलचं भव्य देऊळ उभारलं, त्याच्यासाठी वेगळे पुरोहित नेमले, हे खरंच आहे. सीरियातून आलेला सूर्यदेव मात्र निराळा. तो म्हणजे तिथल्या एमेसाचा काळा पाषाण; तो सम्राट एलागाबालुसने रोममध्ये आणला आणि २२२ मध्ये हा सम्राट मारला गेल्यावर परत पाठवला गेला. या दोन सूर्यदेवांची गल्लत झाली आणि सोल उगाच परदेशी ठरला.

तो तर रोमच्या घरचा देव. क्विरिनल टेकडीवर त्याची पूजा होई, आणि सर्कस मॅक्सिमस या शर्यतींच्या मैदानालगत त्याचं देऊळ होतं. चार घोड्यांचा रथ हाकणाऱ्या देवाला याहून योग्य जागा कुठली? इ.स. ६५ मध्ये सम्राट नीरोच्या खुनाचा कट फुटला. तो बेत तडीला जायचा होता याच मैदानात, म्हणून गुपित उघडं केल्याबद्दल सोलला खास मान दिला गेला. ते देऊळ तेव्हाच जुनं होतं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. आपण सूर्याला कर्मसाक्षी म्हणतो ना, तीच श्रद्धा तिथेही होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये सूर्याच्या वारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद ठेवायला लावली. शेतकऱ्यांना मात्र मुभा दिली. त्याच्या नाण्यांवर तेव्हाही सोल होताच. आणि पाचव्या शतकाच्या मध्यावर पोप लिओला प्रवचनातून ख्रिस्ती भाविकांना रागवावं लागलं, कारण रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर ते आधी मागे वळून उगवत्या सूर्याला वाकून नमस्कार करत! राजाज्ञेने आणलेल्या देवासाठी लोक असं करत नाहीत, सायली.

रोमला जाशील तेव्हा पियाझा देल पोपोलोत उभा असलेला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, बघ. सम्राट ऑगस्टसने तो इजिप्तमधून आणून इ.स.पू. १० मध्ये सर्कस मॅक्सिमसमध्ये उभा केला आणि सोलला अर्पण केला. ऑरेलियनच्या जवळजवळ तीन शतकं आधी! खाली लॅटिन लेख आहे, त्याचा स्पष्ट फोटो मला पाठव.

तुझा,
मामा